तीन रंगांच्या टिकल्या

२०१६ सालचा एक पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे. शाळेच्या कपाटात, जुन्या वर्णनात्मक नोंदींच्या वहीखाली. त्यावर पहिली ते चौथीच्या तीसेक मुलांची नावं माझ्याच अक्षरात आहेत आणि प्रत्येक नावापुढे एक टिकली चिकटवलेली आहे. आपण कपाळाला लावतो तीच, पाकिटातली. निळी म्हणजे बघून शिकणारं मूल, पिवळी म्हणजे ऐकून शिकणारं, लाल म्हणजे हातांनी करून शिकणारं. काही टिकल्या आता सुटून पडल्यात, पण डिंकाचे गोल डाग राहिलेत. कुठल्या नावापुढे कुठला रंग होता हे मी नुसते डाग बघूनही सांगू शकते.

आमची शाळा पालघर जिल्ह्यात, डहाणूपासून बरीच आत, एका पाड्यावर. द्विशिक्षकी. चार इयत्ता, दोन खोल्या, एक मी आणि एक गुरुजी. मुलं बहुतेक वारली. भात कापून झालं, दिवाळी गेली की निम्मे आईबाप वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलंही त्यांच्यासोबत. जूनपासून दिवाळीपर्यंतचे महिने म्हणजे आमचं खरं शैक्षणिक वर्ष.

२२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत विलक्षण धावपळीची गेली. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांच्या देखरेखीचा एक विभाग) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून रचतं, हा शब्द, जो आम्ही डी.एड.ला परीक्षेपुरता पाठ केला होता, तो एकाएकी फरशीवर उतरला. आम्हीही दोन सुट्ट्या घालवून फरश्या रंगवल्या. मुळाक्षरं, एक ते शंभरची चौकट, जोडशब्दांची चक्रं. त्या दिवसांची मला अजूनही ओढ वाटते. शिक्षक एकमेकांना फोन करून ‘तुमच्याकडे वजाबाकी कशी घेता?’ असं विचारत होते. पगार, बदल्या, अशैक्षणिक कामं सोडून शिकवण्याबद्दल एवढं बोलणं मी त्याआधी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

त्याच काळातल्या एका शिक्षण परिषदेत अध्ययन शैलींचं सत्र झालं. मांडणी सोपी होती. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून. आपण सगळ्यांना एकाच पद्धतीनं शिकवतो, म्हणून काही मागे राहतात. मुलाची शैली ओळखा, तिला धरून शिकवा. सोबत एक निरीक्षण तक्ता होता, पंधरा-वीस प्रश्नांचा. मूल सूचना लक्षात ठेवतं का, चित्रांत रमतं का, एका जागी बसतं का.

ते ऐकताना मला केवढं हायसं वाटलं, हे आज लिहितानाही आठवतंय. माझ्या वर्गात काही मुलं दोन-दोन वर्षं अक्षरापाशी अडून होती. मूल मंद नाही, त्याची शैली वेगळी आहे, असं म्हणायला मिळणं म्हणजे माझ्या दृष्टीनं मुलाचा सन्मान होता. त्या आठवड्यात मी डहाणूच्या बाजारातून टिकल्यांची तीन पाकिटं आणली.

या कल्पनेचा एक धागा नील फ्लेमिंग यांच्यापर्यंत जातो. न्यूझीलंडमध्ये ते शाळा-निरीक्षक होते. उत्तम शिकवणारे शिक्षकही काही मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, ते का, हा प्रश्न त्यांना वर्ग बघता बघता पडला. १९९२मध्ये कॉलीन मिल्स यांच्यासोबत त्यांनी चार प्रकार मांडले: बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं. आमच्या सत्रात तीनच होते. वाचणं-लिहिणं त्यात नव्हतं, आणि ते नसल्याचं मला पुढे फार लागलं.

तर लाल टिकलीचा एक मुलगा होता. तेव्हा दुसरीत. खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं हे तो काठापासून सांगायचा. मातीचा बैल असा करायचा की शिंगांवरून कोणाच्या घरचा ते कळावं. वर्गात मात्र पुस्तक उघडलं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. निरीक्षण तक्त्यातले सगळे लाल प्रश्न त्याला फिट्ट बसले. मला वाटलं, सापडलं. मग मी त्याला वाळूत अक्षरं गिरवायला दिली, चिंचोक्यांनी अक्षरांची वळणं भरायला दिली, मातीची अक्षरं करवून घेतली, फरशीवरच्या अक्षरांवर उड्या मारायला लावल्या. मी ‘म’ म्हणायचा अवकाश, की तो ‘म’वर. एकदाही चुकायचा नाही. केंद्रप्रमुख आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला. निळ्या टिकलीची मुलं तेव्हा आत टीव्हीसमोर होती. पाड्यातून आणि आजूबाजूच्या वाडीमालकांकडून लोकवर्गणी काढून आम्ही तो टीव्ही घेतला होता. पिवळ्या टिकलीची मुलं स्पीकरवर कविता ऐकत होती. आमची शाळा त्या वर्षी फार सुंदर दिसली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात छत गळलं आणि त्या खोलीतली फरशी बदलावी लागली. मुळाक्षरं आम्ही पुन्हा रंगवली, पण रंगवणारा दुसरा होता आणि त्यानं ओळी वेगळ्या पाडल्या. मी ‘म’ म्हटलं. मुलगा नेहमीच्या जागी उडी मारून उभा राहिला. त्याच्या पायाखाली ‘ठ’ होता.

त्यानं खाली बघितलंसुद्धा नव्हतं. वर्षभर तो जागा पाठ करत होता. खिडकीपासून तिसरी फरशी म्हणजे ‘म’. अक्षराकडे बघण्याची गरजच त्याला मी पडू दिली नव्हती. फळ्यावर ‘म’ काढून विचारलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्या रात्री मी झोपले नाही. मूल शिकलं नाही याचं दुःख शिक्षकाला सवयीचं असतं. पण हे वेगळं होतं. याच्या हातातून पुस्तक मी काढून घेतलं होतं, तेही प्रेमानं, त्याच्याच भल्यासाठी, एका टिकलीच्या भरवशावर.

त्यानंतर मी वाचायला लागले. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, पण वाचलं. २००४मध्ये इंग्लंडमधले फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तर अध्ययन शैलींच्या वेगवेगळ्या ७१ मांडण्या सापडल्या. ७१! म्हणजे एकच मूल कुणाच्या हिशेबात दृश्य, कुणाच्या हिशेबात चिंतनशील, कुणाच्या हिशेबात आणखी काही. मग २००८मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला की हे खरं असेल तर ते दिसायला कसं हवं. बघून शिकणारी मुलं एका बाजूला घ्या, ऐकून शिकणारी दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांतल्या निम्म्या निम्म्या मुलांना, चिठ्ठ्या टाकून, चित्रांनी शिकवा आणि उरलेल्यांना बोलून. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. बघणारे चित्रांनी आणि ऐकणारे बोलण्यानं जास्त शिकले, म्हणजे निकालाच्या रेघा एकमेकींना छेदून गेल्या, तर शैली खरी. त्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं तेव्हा असा प्रयोग नीट केलेले अभ्यास जेमतेम हाती लागले, आणि त्यांतल्या काहींचे निकाल तर उलटे होते. हॉवर्ड गार्डनर, ज्यांची १९८३ची बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी आम्ही डी.एड.ला शिकलो, त्यांनीही पुढे स्वतः लिहिलं की बुद्धिमत्तेचे प्रकार आणि अध्ययन शैली या एक गोष्टी नव्हेत.

मुलांना आवडीनिवडी असतात, हे कुणीच नाकारलेलं नाही. एखाद्याला चित्र आवडतं, एखाद्याला गाणं. पण आवडणं आणि त्यानं जास्त शिकणं या दोन गोष्टी मी एकात कालवल्या होत्या. माझ्या लाल टिकलीच्या मुलाला धावायला आवडत होतं, एवढंच माझ्या निरीक्षणात खरं होतं.

पुठ्ठा पुन्हा काढून बघितला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला आजही सर्वांत जास्त टोचते. निळ्या टिकल्या रस्त्याकडच्या घरांतल्या मुलांच्या होत्या. तिथे टीव्ही होता, कॅलेंडर होतं, मोठ्या भावाची जुनी पुस्तकं होती. एकाचे वडील वाडीवर हिशेब लिहायचे. वरच्या पाड्यातल्या मुलांपुढे जवळजवळ सगळ्या टिकल्या लाल. त्यांच्या घरी कागद म्हणजे रेशनकार्ड आणि आधार, तेही पत्र्याच्या पेटीत. शिवाय त्यांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून सर्वांत दूरची. पुस्तकातलं वाक्य त्यांना परकं वाटत होतं, म्हणून ती पुस्तकापासून पळत होती आणि मी त्या पळण्याला शैली म्हणत होते. मी रंगांत मुलं विभागली नव्हती, घरं विभागली होती. आणि ज्यांच्या घरी पुस्तक नव्हतं, नेमकं त्यांनाच शाळेतही पुस्तक कमी मिळेल अशी व्यवस्था लावून दिली होती.

मग शिकवायचं कशाच्या आधारानं? याचं उत्तर मला गणितात मिळालं. ‘सत्तावन्न लिहा’ म्हटलं की दुसरी-तिसरीची कितीतरी मुलं ७५ लिहितात. पूर्वी मी म्हणायचे, ऐकण्यात कमी आहे. पण कानानं ऐकायचं आधी सात आणि मग पन्नास, तर हातानं लिहायचं आधी पाच आणि मग सात. ‘एकोणसाठ’मध्ये तर कानावर साठ पडतात आणि लिहायचे पन्नास. ही अडचण मराठीच्या संख्यानामांतली आहे. निळ्या मुलाला येते, पिवळ्याला येते, लाललाही येते. २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘पन्नास सात’ असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या वेळी वर्गात उभं राहणाऱ्या आम्हा अनेकांना त्यांचं म्हणणं पटलं होतं. मला तर मनापासून. नावं टिकवायचीच आहेत, पण मुलाला आधी संख्या तर हाती लागू दे!

आता मी सत्तावन्न असं घेते: काड्यांचे दहादहाचे गठ्ठे, काही सुट्या काड्या, पाटी आणि माझा आवाज. मी ‘पन्नास सात’ म्हणते, मुलं पाच गठ्ठे आणि सात सुटे मांडतात, पाटीवर त्याच क्रमानं लिहितात, आणि मग सगळी मिळून त्या ढिगाचं नाव घेतात, ‘सत्तावन्न’. बघणं, ऐकणं, करणं तिन्ही आहे आणि तिन्ही सगळ्यांना आहे. काड्या लागतात कारण दशक डोळ्यांना दिसावा लागतो. उद्या कविता घेईन तेव्हा काड्यांचा काही उपयोग नाही. ती कानानंच घ्यावी लागेल, निळ्या टिकलीच्या मुलालाही. महाराष्ट्राचा नकाशा कितीही सुंदर वर्णन करून सांगितला तरी बघितल्याशिवाय कळणार नाही. अर्धा आणि पाव भाकरी मोडूनच समजतात. कुठला पाठ काय मागतो ते त्या पाठाला विचारायचं, आणि मुलाला विचारायचं की तुला यातलं आधीच काय येतं. इतकी वर्षं मी पहिला प्रश्न मुलाला विचारत होते आणि दुसरा कुणालाच नाही.

टीव्हीबद्दलही लिहायला हवं, कारण त्याच्यासाठी लोकांनी पन्नास-पन्नास रुपये दिले होते. सुरुवातीला पेनड्राइव्हमध्ये जे मिळेल ते मी लावायचे. एकदा शेतीवरचा पाठ लावला. पडद्यावर गहू, ट्रॅक्टर, मोठं सपाट रान. एक मुलगी म्हणाली, “बाई, यांनी राब भाजलाच नाही!” आमच्याकडे उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, मग त्यात भाताचं रोप करतात, मग लावणी. सात वर्षांच्या मुलीला क्रम पाठ होता आणि मी तिला परका गहू दाखवत होते. त्या पावसात मी फोन घेऊन तिच्याच आईच्या शेतावर गेले. चिखलणी, रोपं उपटणं, मूठ बांधणं, लावणी, सगळं चित्रित केलं आणि टीव्हीवर आवाज बंद करून लावलं. मुलं बोलत गेली, निम्मं त्यांच्या बोलीत, निम्मं शाळेच्या मराठीत, आणि मी ते फळ्यावर लिहीत गेले. ती वाक्यं त्या आठवड्याचा वाचनपाठ झाली. ‘आई मूठ बांधते.’ हे वाक्य वाचायला माझ्या वर्गात कुणी अडलं नाही.

तेव्हापासून टीव्ही दोनच कामांना लावते. जे आमच्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही त्यासाठी: बी रुजताना, चंद्राच्या कला, छातीतलं हृदय. आणि जे आमचंच आहे ते पुन्हा सावकाश बघण्यासाठी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२०मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कारानं गौरवले गेले, तेव्हा सगळीकडे त्यांनी पुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला, याचा आम्हा झेडपीवाल्यांना अभिमान आहेच. मला मात्र त्यांच्या कामातली वेगळी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिथे मुलांची घरची भाषा कानडी होती, आणि त्यांनी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. कोड हा रस्ता होता. पोहोचवायची होती ती भाषा.

हे सगळं आमच्या डोंगरात कुणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. आमच्यापासून फार लांब नाही कोसबाड. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची साधनं महागडी, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. मूल कुठे आहे आणि त्याच्या हाताला काय सापडतं, इथून त्यांचं शिकवणं सुरू व्हायचं. मी शाळेत असताना कोसबाडला सहल म्हणून जाऊन आले होते. फोटोंसमोर हात जोडले, खाऊ खाल्ला आणि परतले.

आता त्या मुलाकडे येते.

फरशीच्या त्या प्रसंगानंतर त्याच्यासोबत रोज अर्धा तास बसायचं मी ठरवलं. मधल्या सुट्टीनंतर, पुस्तक घेऊन. तो कंटाळायचा, मीही थकायचे. अक्षर बघ, आवाज काढ, पुढच्याला जोड. काहीही रंगीत नव्हतं त्यात. जुलै ते सप्टेंबर आम्ही दोघांनी तेवढंच केलं. तो तुटक वाचू लागला, पण आपण काय वाचतोय याकडे त्याचं लक्ष नसायचं. ‘पाणी’चं ‘पानी’ व्हायचं ते मी चालवून घेत होते, ती त्याच्या घरची मराठी आहे, पण ‘विहीर’चं ‘विहार’ झालं तरी तो पुढे जायचा.

एक दिवस दुसऱ्या मुलांच्या कवितेसाठी मी फोनवर रेकॉर्डिंग करत होते. तो म्हणाला, माझं पण घ्या. मी त्याचा धडा रेकॉर्ड केला आणि फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला, बोटानं पुस्तकातली ओळ धरली आणि ऐकत राहिला. ‘विहार’पाशी बोट थांबलं. त्यानं मला काहीच विचारलं नाही. रेकॉर्डिंग बंद केलं, ओळ मनाशी पुटपुटली आणि म्हणाला, “परत घ्या.” त्या दुपारी आम्ही तोच धडा पाच वेळा घेतला. मी दोन महिने ज्या चुका दाखवत होते त्या त्याला स्वतःच्या आवाजात ऐकू आल्या. आमच्या शाळेत तंत्रज्ञानाचा याहून चांगला उपयोग झालेला मला आठवत नाही, आणि त्याला वीज, रेंज, लोकवर्गणी काहीच लागलं नव्हतं.

मग दिवाळी आली आणि तो भिवंडीकडच्या भट्टीवर गेला. जाताना मी त्याच्या वडिलांचा नंबर घेतला आणि त्याला सांगितलं, रस्त्यात, भट्टीवर, जिथे अक्षर दिसेल ते वाच आणि मला पाठव. महिनाभर काही आलं नाही. मीही सोडून दिलं होतं.

जानेवारीत एका रात्री व्हॉट्सॲपवर त्याचे दोन आवाज आले, एकामागोमाग एक. पहिल्यात ट्रकची घरघर होती आणि तो एखाद्या पाटीवरचं वाचत होता: “पुढे... गती... रोध... गती रोधी... आहे.” मग थोडा वेळ नुसतीच घरघर. दुसरा आवाज त्यानंतर दोन मिनिटांनी आलेला होता. ट्रक बहुतेक पाटीच्या पुढे निघून गेला असावा, कारण त्यानं या वेळी मोठ्यानं, न थांबता म्हटलं होतं: “पुढे गतिरोधक आहे.”